कडता

दुपारी मोंढ्यात आवक थांबली
की मी शिवकन्येला काट्यावर उभी करतो.
चपला काढ गं. दप्तर त्या थप्पीवर ठेव.
चोवीस किलो सहाशे.
मोहन्या हमाल ओरडतो, "मापाडी, कडता धरला का?"
सगळे हसतात.
एकवीस वर्षं पोत्यामागं कडता धरत आलो,
मातीचा, ओलीचा, बारदान्याचा.
हिच्यातून काय वजा करू?

नांदेडच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय,
पंचवीसच्या आत लहान पेन, पंचवीसला टेकली की मोठं.
आणि कोणतंही घ्या, जोडी घ्या,
एकानं भागेलच असं नाही.
काबरा मेडिकलवाले म्हणाले, इकडं कोण ठेवतंय,
मागवावं लागंल, किती दिवस ते विचारू नका.
किंमत ऐकून मी मनातल्या मनात
सोयाबीनच्या भावानं भागलं.
उत्तर क्विंटलात आलं.

ते झालं तेव्हा ती चार वर्षांची.
मावशीकडं भरलं वांगं होतं,
आणि वांग्यात कूट. आपल्याकडं कूट कशात नसतो?
आधी ओठ सुजले, मग डोळे मिटले,
मग छातीतून तो आवाज,
आटलेल्या बोअरची मोटर हवा ओढते तसा.
सरकारी दवाखान्यात सिस्टरनं काचेची कुपी फोडून
मांडीत सुई दिली.
थोड्या वेळानं पाणी लागलं.
मी भिंतीला टेकून खाली बसलो, तो
अजून पुरता उठलेलो नाही.

उन्हाळी शेंगा मोंढ्यात यायला लागल्या की
मी घरी परका.
हौदावर अंघोळ करून, दुसरा सदरा घालून जातो,
तरी ती दारात धावत आली की
दोन्ही हात वर करतो, पोलिसानं अडवल्यासारखे.
ज्याच्या फोलाची धूळ तिला चालत नाही,
त्याच शेंगा तोलून तिचं पेन येतं.
हे कुणाला सांगावं?

फ्रीजात नको, उन्हात नको, म्हणाले डॉक्टर.
मे महिन्यात सेलूत मग ठेवावं कुठं,
ते चिठ्ठीत नव्हतं.
रेणुकानं गोधडीचे चार पदर लावून पिशवी शिवली,
घरी ती माठाच्या सावलीत टांगते,
शाळेत शिवकन्येच्या गळ्यात.
कपाटात नाही, कुलपात नाही.
हेडसरांना हे दोनदा सांगावं लागलं.
खालेदा मॅडमना एकदाच.
तारीख गेलेलं पेन मी घेऊन गेलो, सोबत एक वाळूक.
मॅडमनी टोपी काढली, वाळकात दाबलं.
कट्!
दचकल्या, तळहात पदराला पुसला,
"पुन्हा एकदा करून बघते," म्हणाल्या.
मॅडम, पुन्हा नसतं.
ते एकदाच उडतं.

दुसऱ्या दिवशी अख्खी तिसरीची पोरं म्हणत होती,
टोपी काढ, मांडीत गाड,
दहा मोज, दवाखाना गाठ.
चाल शिवकन्येचीच.
मला हसू आलं आणि मग आलं नाही.

तर चोवीस सहाशे.
डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले,
"वाढतं लेकरू आहे, पेन वर्षभर पुरवायचंय.
वर धरा. मोठं घ्या."
वर धरा.
या काट्यावर असं मला
कुणी कधी म्हटलं नव्हतं.

पार्सल आलं त्या दिवशी ती शाळेतून थेट मोंढ्यात.
मोहन्या शेंगा खात होता. तिला पाहून
मूठ खिशात कोंबली, लांब जाऊन चूळ भरली.
"बाबा, ह्याचं वजन किती?"
जोडी काट्याच्या मधोमध ठेवली.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
शून्य.
मी पाटा झटकला, काटा बंद करून चालू केला.
शून्य.
"बिघडलाय," ती म्हणाली,
आणि दोन्ही पेनं पिशवीत घालून
पिशवी गळ्यात अडकवली.